पुरती नक्कल की फेरफारांची नोंद?

श्रोतेहो, नेवाशाच्या माणसाला नकलेचे मोल निराळे सांगायला नको. शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० साली, ज्ञानेश्वरमहाराजांनी याच गावी गीतेवरची टीका सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. ती पहिली पोथी आज आपल्या हाती नाही. ग्रंथ मात्र घरोघर आहे, तो नकलांमुळे. पुढे त्या नकलांत चुका शिरल्या, तेव्हा शके १५०६ मध्ये पैठणच्या एकनाथमहाराजांनी निरनिराळ्या प्रती ताडून ग्रंथ शुद्ध केला. यातून दोन गोष्टी ध्यानात घ्यायच्या. नक्कल असावी, आणि ती तपासलेली असावी.

आज शाळेची, ग्रामपंचायतीची, वाचनालयाची वेबसाइट असते. तिच्यावर मुलांचे लेख असतात, जुनी छायाचित्रे असतात, ग्रामसभेचे ठराव असतात. हे सारे कुठल्या तरी संगणकातल्या डिस्कवर साठवलेले असते. ती डिस्क बिघडली, कोणी परका आत शिरला, किंवा आपल्याच माणसाकडून भलते बटण दाबले गेले, की वर्षांची मेहनत घटकेत जाते. म्हणून नक्कल काढून ठेवायची. तिलाच बॅकअप म्हणतात. ती काढण्याच्या दोन रीती आहेत.

पहिली रीत पुरत्या नकलेची, म्हणजे फुल बॅकअपची. प्रत्येक वेळी सगळेच्या सगळे उतरून घ्यायचे. दुसरी रीत इन्क्रिमेंटल बॅकअपची. एकदा सगळे उतरवायचे आणि मग मागच्या खेपेपासून जेवढे बदलले तेवढेच टिपायचे.

शेतकरी बंधूंना ही गोष्ट नवी नाही. हस्तलिखित सातबाऱ्याच्या काळी जमिनीची खरेदी, वारस, बोजा यांची नोंद आधी फेरफाराच्या वहीत होई, म्हणजे गाव नमुना सहामध्ये. आणि काही वर्षांनी सातबारा नव्या पुस्तकात पुरता लिहून काढीत. फेरफार हा झाला इन्क्रिमेंटल, नवे पुस्तक हे झाले फुल. एकाने दुसऱ्याचे काम भागत नसे.

आता हिशेब करू. समजा, वेबसाइट २ गिगाबाइटची आहे आणि रोज २० मेगाबाइटची भर पडते. रोज पुरती नक्कल काढली तर ३० दिवसांत ६० गिगाबाइटहून जास्त जागा लागेल. पहिल्या दिवशी पुरती आणि पुढचे २९ दिवस फक्त बदल, असे केले तर सुमारे २.६ गिगाबाइटमध्ये भागते. वेळेचेही तसेच. सेकंदाला २ मेगाबिटच्या संथ लाइनवर पुरती नक्कल पाठवायला सुमारे सव्वादोन तास लागतील. बदल दीड मिनिटाच्या आत जातील. मध्येच वीज गेली तर काय होईल, हे खेड्यातल्या मास्तरांना विचारावे!

तुम्ही म्हणाल, मग दुसरीच रीत बरी. पण थांबा. नक्कल काढणे हे अर्धे काम, ती परत बसवणे हे खरे काम. तिसाव्या दिवशी घात झाला, तर आधी पुरती नक्कल आणि मग २९ तुकडे एकामागून एक, क्रमाने लावावे लागतील. त्यांतला बारावा तुकडा खराब निघाला, तर तेराव्यापासून पुढचे भरवशाचे राहत नाहीत. मधला फेरफार गहाळ झाला की पुढची मालकी सिद्ध करताना नाकी नऊ येतात, त्यातलाच हा प्रकार. पुरती नक्कल एकटी उभी राहते. तुकड्यांची साखळी असते.

तेव्हा निवड कशी करावी? स्वतःला दोन प्रश्न विचारा. किती दिवसांचे काम बुडाले तर चालेल? आणि वेबसाइट किती लवकर पुन्हा उभी राहायला हवी? वेबसाइट लहान असेल तर विचार नको, प्रत्येक वेळी पुरती नक्कल काढा. छायाचित्रांनी फुगली असेल तर आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी पुरती आणि मधल्या सहा दिवशी बदल. साखळी सहा तुकड्यांहून लांबत नाही. वेबसाइटमधला मजकूर व नोंदींचा साठा, म्हणजे डेटाबेस, बहुधा लहान असतो. तो रोज पुरता घ्यावा. छायाचित्रे एकदा चढवली की सहसा बदलत नाहीत, त्यांना इन्क्रिमेंटल पुरे.

आणखी तीन गोष्टी सांगतो. नवी नक्कल नीट झाल्याची खात्री पटेपर्यंत जुनी पुसू नका. बिघाड कधीकधी पंधरा दिवसांनी ध्यानात येतो, म्हणून महिन्यापूर्वीची एक तरी नक्कल राखा. दुसरे, सगळ्या नकला त्याच संगणकात ठेवू नका. एक शाळेत असेल तर दुसरी परगावी असू द्या. बियाणे आणि धान्य आपण एका कणगीत ठेवत नाही. तिसरे आणि महत्त्वाचे, तीन महिन्यांतून एकदा नक्कल दुसऱ्या संगणकावर उतरवून, वेबसाइट उघडते का, छायाचित्रे दिसतात का, हे पाहा. न उघडलेली नक्कल म्हणजे न मोजलेले पैसे.

शिक्षकबंधूंनो, हे काम वरच्या वर्गातल्या मुलांच्या हाती द्या. वहीत तारीख, पुरती की बदलाची, आणि काढणाऱ्याची सही, असे तीन रकाने आखा. मुले संगणक शिकतील, आणि गावाचे दप्तर जपायचे असते हेही शिकतील.