वर्ग सोडला, शिकवणे सोडले नाही



लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव निघाले की आपल्यासमोर कारखाने उभे राहतात. आज मला त्यांच्यातील शिक्षकाचे स्मरण करावयाचे आहे.

२० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे त्यांचा जन्म झाला. चित्रकलेच्या ओढीने ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. परंतु रंगांधळेपणाने ती वाट अडवली. मग ते यांत्रिक रेखाटन शिकले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये तोच विषय शिकवू लागले. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती एका अँग्लो-इंडियन सहकाऱ्यास देण्यात आली. १८९७ मध्ये राजीनामा देऊन ते बेळगावला परतले. बंधू रामुअण्णांसह तेथे सायकलींचे दुकान होतेच. त्यातून कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर यांचा उद्योग उभा राहिला.

लोखंडामुळे जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले मोजके नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. ज्याचे वर्षाचे पोट एका हंगामावर, तो नव्या अवजाराला सहजी हात कसा लावील? शिकवलेले एकदा समजले नाही म्हणून शिक्षक विद्यार्थ्यावर चिडत नाही. लक्ष्मणरावही शेतकऱ्यावर चिडले नाहीत आणि नांगरही त्यांनी सोडला नाही.

पुढे बेळगावची जागा सोडावी लागली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी पाठीशी उभे राहिले. त्यांनी कुंडल रोड स्थानकाजवळची जमीन आणि दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले. निवडुंगांनी भरलेल्या त्या माळावर १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. आसपासच्या खेड्यांतील माणसे तेथे कारागीर झाली. अस्पृश्यतेला तेथे थारा नव्हता, आणि शिक्षा भोगून आलेल्यांनाही विश्वासाने काम मिळाले. जग ज्याला नापास ठरवते, त्याला पुन्हा वर्गात बसवणे, याहून मोठे शिक्षकपण कोणते?

२६ सप्टेंबर १९५६ रोजी ते निवर्तले. आपल्या घरांत आजही मुलाची नोकरी लागली की पेढे वाटले जातात. तोच मुलगा धंद्याची गोष्ट काढतो तेव्हा घर चिंतेत पडते. ही चिंता खोटी नाही. परंतु लक्ष्मणरावांना दोन वर्षे थांबता आले, कारण त्यांच्या पाठीशी भाऊ होता. उद्योजक घडावेत असे वाटत असेल, तर आधी आपल्या घराने रामुअण्णा व्हावे, एवढीच विनंती.