वावरची अंगणवाडी आणि मनुष्यबळाचा प्रश्न



‘मनुष्यबळ विकास’ हा शब्द उच्चारला की मुलाखती, पगारपत्रके आणि वातानुकूलित कार्यालये डोळ्यांपुढे येतात. जव्हार तालुक्यातील वावर हे नाव त्या शब्दाशी कुणी जोडत नाही. वस्तुतः ते जोडले पाहिजे. १९९२-९३ मध्ये, जव्हार ठाणे जिल्ह्यात असताना, वावर-वांगणी परिसरात कुपोषण आणि त्यापाठोपाठ आलेल्या आजारांनी शंभराहून अधिक वनवासी बालके दगावली. एकात्मिक बालविकास योजना तर १९७५ पासूनच चालू होती. कागदावरील योजना आणि पाडा यांतील अंतर माणसांनीच भरून काढायचे होते. ते भरले गेले नाही.

या आघातानंतर, १९९५ मध्ये नवसंजीवन योजना आली. पावसाळ्यापूर्वी धान्य पोहोचवणे, रोजगार देणे, फिरत्या वैद्यकीय पथकांनी पाडे पिंजून काढणे, ही तिची दिशा योग्यच होती. परंतु पथकातील डॉक्टर ‘मानसेवी’ आणि अंगणवाडी सेविका ‘मानधनी’. सर्वांत अवघड काम ज्यांच्यावर सोपवले, त्यांनाच नोकरीची शाश्वती सर्वांत कमी! एखाद्या कारखान्याने आपल्या भट्टीवर हंगामी माणूस नेमला, तर त्याला आपण शहाणपण म्हणू काय?

त्यात वावरचे काम एका जागी थांबत नाही. भात आणि नागलीची कापणी संपली, दिवाळी झाली, की कुटुंबेच्या कुटुंबे भिवंडी-वसईकडे वीटभट्ट्यांवर जातात. मुलाचे नाव इथल्या नोंदवहीत आणि मूल भट्टीवर. सेविकेची नेमणूक मात्र गावापुरती. माणसे हलतात आणि व्यवस्था जागेवर खिळलेली, हे दुखणे औषधाने बरे होणारे नाही. ते नेमणुकीच्या पद्धतीतच आहे.

२०२० मध्ये टाळेबंदी आली. अंगणवाडीतला गरम आहार थांबला आणि शिधा घरोघर नेण्याचे काम याच भगिनींवर आले. पाठोपाठ कामाची पद्धत बदलली. सेविकांच्या मोबाईलवर इंग्रजीतील ‘पोषण ट्रॅकर’ आला. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभर हजारो सेविकांनी ते फोन सरकारला परत केले. त्यांना आडमुठ्या ठरवणे सोपे होते. आयुष्यभर मराठीत नोंदी ठेवणाऱ्या स्त्रीच्या हाती परभाषेतील यंत्र देताना तिला आधी कुणी विचारले होते काय, हे पाहणे अधिक उपयोगाचे. मनुष्यबळ विभागाचे काम नेमके इथे सुरू होते.

एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका आणि मदतनीस यांना उपदानाचा हक्क आहे, असा निर्णय दिला. तरीही मानधनवाढ आणि उपदान यांसाठी डिसेंबर २०२३ पासून जानेवारी २०२४ पर्यंत राज्यभर संप झाला. त्यावर झेंडा कोणाचा होता, हा प्रश्न आपल्यासाठी दुय्यम असावा.

तारापूर-बोईसरचे कारखाने आणि वावर आज एकाच पालघर जिल्ह्यात आहेत. त्या कारखान्यांत नवे यंत्र येते तेव्हा कामगाराला त्याच्या भाषेत शिकवणारे, पाळ्या बसवून देणारे अनुभवी अधिकारी आहेत. त्यांच्यापैकी काहींनी महिन्यातून एक रविवार जव्हार-मोखाड्याला द्यावा, सेविकांच्या शेजारी बसावे, त्यांच्या वह्या आधी वाचाव्यात आणि यंत्राचे नाव नंतर काढावे.