कोणता बर्फ वितळला?

आमचा बचत गट खाडीकाठचा. मागच्या बैठकीत हप्ते जमा झाल्यावर एका ताईंनी विचारलं, "बर्फ वितळून समुद्र वाढतो म्हणतात. पण पेल्यातला बर्फ वितळून पाणी सांडत नाही. मग खरं काय?" ताईंचं भाताचं शेत खाजणात, बांधापलीकडे खारं पाणी. त्यामुळे हा प्रश्न पोटापाण्याचाच होता.

आम्ही लगेच करून पाहिलं. काठोकाठ भरलेल्या पेल्यात तरंगणारा बर्फ विरघळला, थेंबही सांडला नाही. दुसऱ्या भरल्या पेल्यावर गाळणीत बर्फ ठेवला. तो ठिबकला तसं पाणी बाहेर आलं.

अंटार्क्टिकावर दोन्ही प्रकारचा बर्फ आहे. जमिनीवर सरासरी दोन किलोमीटर जाडीची हिमचादर आहे. तिच्यातून समुद्राकडे सरकणाऱ्या पट्ट्या म्हणजे हिमनद्या. काही ठिकाणी हा बर्फ जमिनीला जोडलेला राहूनच पाण्यावर पसरतो, घरापुढच्या ओसरीसारखा. ओसरीची कड तुटली की हिमनग होतो. त्याचा सुमारे नऊ-दशांश भाग पाण्याखाली असतो. याशिवाय समुद्राचं पाणीही गोठतं. आधी भाकऱ्या मांडल्यासारख्या गोल चकत्या, मग सलग थर. हिवाळ्याअखेर तो भारताच्या पाचपट क्षेत्रावर पसरतो आणि उन्हाळ्यात बराचसा वितळतो.

तरंगता बर्फ वितळून समुद्र जवळजवळ वाढत नाही. मग ओसरीची काळजी कशाला? कारण ती मागच्या हिमनद्यांना थोपवून धरते. 2002 मध्ये 'लार्सन बी' नावाच्या ओसरीचा सुमारे 3,250 चौरस किलोमीटर भाग महिनाभरात फुटला. त्यानंतर मागच्या हिमनद्या कितीतरी वेगाने समुद्रात उतरू लागल्या. म्हणजे गाळणीतला बर्फ पेल्यात पडू लागला.

अशाच एका ओसरीवर भारताने पहिलं केंद्र उभारलं, 'दक्षिण गंगोत्री'. डिसेंबर 1983 मध्ये गोव्याहून निघालेल्या त्या मोहिमेत नागपुरात जन्मलेल्या डॉ. अदिती पंत आणि डॉ. सुदीप्ता सेनगुप्ता होत्या. भारतीय मोहिमेतून अंटार्क्टिकावर गेलेल्या या पहिल्या महिला. पुढे ते केंद्र बर्फाखाली गाडलं गेलं. त्यानंतरचं 'मैत्री' केंद्र खडकाळ जमिनीवर बांधलं.

मैत्रिणींनो, दोन पेल्यांचा प्रयोग मुलांना घेऊन नक्की करा. आणि बर्फ वितळल्याची बातमी आली की आधी विचारा, तरंगता की जमिनीवरचा? समुद्र सगळा एकच आहे. तिथे जमिनीवरून उतरलेलं पाणी आपल्या खाजणाच्या बांधालाही लागणार आहे.