उन्हावरच्या होड्या आणि आपली मुले

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



 मी काही मोठी वक्ती नव्हे. जन्मभर शाळेत विज्ञान शिकविलेली एक बाई. तेव्हा उपदेश बाजूला ठेवून, आपल्या मंडळाच्या मदतीने शाळेत गेली तीन वर्षे उन्हावर चालणाऱ्या लहान होड्यांच्या शर्यती घेतल्या, त्यांची हकीकत सांगते. तुमच्यापैकी पुष्कळजणी त्या दिवशी टाकीच्या काठाशी उभ्या होत्या. सारे रामायण त्या काठावरच घडले!

होडी म्हणाल तर हातभर लांबीची. वर सोलर पॅनेल, आत खेळण्यातल्यासारखी मोटर आणि पाण्यात फिरणारा छोटा पंखा. पॅनेलवर ऊन पडले की वीज होते, मोटर फिरते, होडी चालते. बॅटरी लावावयाची नाही. ऊन गेले की होडी थांबली. सिलिकॉनचे असे पॅनेल अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने १९५४ साली जगाला दाखविले, तेव्हा त्यावर पडणाऱ्या उन्हापैकी सुमारे ६ टक्क्यांचीच वीज होई. आज बाजारातली चांगली पॅनेले २० टक्क्यांच्याही वर जातात. आणि हा नुसता पोरखेळ नव्हे बरे का! केरळात वैक्कमजवळ २०१७ साली ‘आदित्य’ नावाची ७५ उतारूंची फेरीबोट सुरू झाली, ती मुख्यतः छपरावरच्या उन्हाच्या विजेवर चालते. ऑस्ट्रेलियात तर शाळकरी मुलांच्या अशा होड्यांच्या आणि मोटारींच्या शर्यती होतात. त्यांच्याविषयी वाचूनच आम्हांला ही कल्पना सुचली.

पहिल्या वर्षी मैदानात विटा रचून, त्यांत ताडपत्री अंथरून वीस फूट लांब आणि चार फूट रुंद अशी टाकी केली. पाणी फक्त वीतभर, म्हणजे लहान मुलांची भीती नको. पाण्यावर दोन तंगूस ताणून बांधले आणि होडीला तारेच्या कड्या करून त्या तंगुसात ओवल्या, म्हणजे होडी वाकडी जात नाही. पॅनेल ज्याने त्याने आपापले आणावे, असा नियम केला. इथेच माझे चुकले.

एका मुलाची होडी अशी सुबक, की पाहतच राहावे! पॅनेल इतरांच्या दुप्पट. पाहुण्यांनी त्याला विचारले, “बाळ, पंखा असा तिरपा का बसविलास?” मुलाने वडिलांच्या तोंडाकडे पाहिले. दुसरी होडी एका मुलीची. तिची आई चार घरी पोळ्या करते. गोडेतेलाचा पाच लिटरचा कॅन आडवा कापून तिने होडी केली होती. शेवटच्या फेरीत हीच होडी पुढे होती. अर्ध्यावर आली आणि एकाएकी थांबली. मी तिला बाद ठरविले आणि कप त्या मुलाला गेला.

सभा पांगल्यावर ती मुलगी होडी घेऊन आली. “बाई, बघा,” म्हणाली. तिने होडी उन्हात धरली, पंखा गरगर फिरला. पॅनेलच्या कोपऱ्यावर नुसता हात धरला, तो थांबला. पॅनेलमधले तुकडे साखळीसारखे एकमेकांस जोडलेले असतात. एकावर सावली पडली तरी साऱ्यांचा जोर जातो. मग सावली कुणाची पडली होती? आपलीच, भगिनींनो! जानेवारीत आपल्या पुण्यात सूर्य भर दुपारीसुद्धा डोक्यावर नसतो, दक्षिणेकडे कललेला असतो. पाच फूट उंचीच्या बाईची सावली तेव्हा चार फूट उत्तरेस पडते. आपण कौतुकाने टाकीच्या दक्षिणेला दाटीने उभ्या होतो आणि त्या मुलीची होडी आपल्याच बाजूला होती. हे विज्ञान शिकविणाऱ्या बाईंना कळावयास हवे होते. मी तिची क्षमा मागितली. पण कप परत मागण्याचे धैर्य मला झाले नाही. ती रुखरुख अजून आहे.

दुसऱ्या वर्षी नियम बदलले. मंडळाने हळदीकुंकवाच्या वर्गणीतून एकसारखी बारा पॅनेले आणि बारा मोटरी घेऊन दिल्या. त्या सर्व आधी एकाच उन्हात तपासल्या आणि चिठ्ठ्या टाकून वाटल्या. शर्यत झाली की त्या शाळेच्या कपाटात परत. बाकी होडी घरातल्या टाकाऊ वस्तूंची, आणि ती शाळेतच, चार शनिवारी, मोठ्या माणसांनी हात न लावता करावयाची. घड्याळ आम्ही काढूनच टाकले. एकाच्या वेळी ऊन आणि दुसऱ्याच्या वेळी ढग, मग सेकंद मोजून न्याय कसा होणार? दोन होड्या एकदम सोडावयाच्या, म्हणजे ढग आला तर दोघींवर. मग बाजू बदलून पुन्हा सोडावयाच्या. दोनदा हरल्यावाचून कोणी बाद नाही. आणि प्रेक्षकांनी उत्तरेच्या बाजूलाच उभे राहावयाचे.

त्या वर्षी एका जोडीची होडी सुटताच मागे जाऊ लागली. सगळे हसले. जोडीतल्या मुलीला तोवर फक्त रंग द्यावयाचे काम मिळाले होते. तीच पुढे झाली, मोटरच्या दोन तारा काढून उलट जोडल्या आणि होडी सरळ निघाली. शर्यत ते हरले. पण त्या मुलीला त्यानंतर कोणी रंगाचा डबा दिला नाही!

आता माझी एक विनंती. यंदा मोठा कप आणावा, मांडव घालावा, आणि होड्या नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून पालकांनी थोडा हात लावावा, अशी सूचना काही भगिनींनी केली आहे. त्यांचा हेतू चांगला आहे, पण मला ती पटत नाही. बारा जोड्यांना बारा संच पुरले. कित्येक मुले नुसती बघत राहिली. कप आणि मांडवाच्या पैशांत आणखी सहा संच घ्यावे, म्हणजे आणखी बारा मुलांच्या हाती काम येईल. त्यांच्या होड्या वेड्यावाकड्या होतील, एखादी बुडेलही. बुडू द्या, पाणी वीतभरच आहे.

आपल्या मुलांवर आपली माया आहे, म्हणून आपण जवळ उभ्या राहतो. जरूर राहावे. फक्त उभे राहण्यापूर्वी आपली सावली कुठे पडते ते एकदा पाहावे, इतकेच माझे सांगणे.