कार्बनची सायकल, मोटारीतून

सायकल मोटारीत घालून न्यायची, हे ऐकून आपल्यापैकी जुन्या मंडळींना हसू येईल. माणसाला वाहून नेणाऱ्या सायकलीलाच गाडीत बसवायचं, म्हणजे बैलाला बैलगाडीत बसवण्यासारखंच की! माझ्या वडिलांनी पुण्यात सायकलदुरुस्तीचं दुकान काढलं, तेव्हा त्यांनीही यावर विश्वास ठेवला नसता. पण आता माझ्या गिऱ्हाइकांपैकी कितीतरी जण सुट्टीच्या आदल्या रात्री सायकल गाडीत घालतात, पहाटे वाईला किंवा पाचगणीला उतरतात आणि तिथून चालवायला सुरुवात करतात. साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर पुरे करायच्या ‘ब्रेव्हे’ला जाणारे तर असतातच. आणि यातल्या बऱ्याच सायकली कार्बनच्या असतात. किंमत विचाराल, तर तेवढ्यात जुनी मोटार येईल.

आधी हा कार्बन काय प्रकार आहे ते सांगतो. जुनी काळी सायकल लोखंडी नळ्यांची, वजन वीस किलोच्या घरात. कार्बनची नुसती चौकट पुष्कळदा एक किलोपेक्षाही कमी भरते. हे काही नवं खूळ नव्हे. १९८६ साली ग्रेग लेमाँडनं टूर द फ्रान्स जिंकली ती कार्बन चौकटीच्याच सायकलवर. कार्बनच्या बारीक तंतूंचं कापड घ्यायचं, त्याचे थरावर थर द्यायचे आणि इपॉक्सी रेझिननं घट्ट करायचे. खळ घातलेल्या धोतरासारखंच म्हणा, फक्त ही खळ धुतल्यानं जात नाही. कारागीर तंतूंची दिशा ठरवतो ती स्वार बसल्यावर कुठून किती जोर येणार, त्या हिशेबानं. त्यामुळे चालवताना ही चौकट खड्डे, चढ, उतार सगळं सोसते. पण तिच्या वरच्या दांड्याला कुणी बाजूनं चिमटीत धरून आवळलं, तर त्या जोराचा हिशेब कुणी केलेलाच नसतो. दांड्याची भिंत काही ठिकाणी जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असते.

लोखंडाला पोचा आला तर दिसतो. कार्बनचं तसं नाही. वरून रंग शाबूत आणि आत थर सुटलेले, असं होऊ शकतं. म्हणून मी नाण्यानं हलकेच टकटक करून ऐकतो. धडधाकट जागी खणखणीत आवाज येतो, बिघडलेल्या जागी बद्द. मात्र आवाज चांगला आला म्हणून निर्धास्त राहू नये. शंका असेल तर जाणकाराकडून तपासून घ्यावं.

गेल्या पावसाळ्याआधी एक तरुण आला. तीन सायकली गाडीच्या मागे कॅरिअरला टांगून मित्रांबरोबर गेला होता. दांडा चिमट्यात घट्ट आवळलेला, वर आणखी पट्टा. त्याची तक्रार एवढीच, की ‘काका, उभं राहून पायडल मारलं की करकर वाजतं.’ चिमट्याच्या जागी केसासारखी रेघ होती. नाणं वाजवलं, आवाज बद्द. आठवड्यावर सहाशे किलोमीटरची राइड आणि त्यात घाटाचा उतार. उतारावर ताशी साठच्या वेगात चौकट मोडली तर काय होतं, हे त्याला समजावून सांगावं लागलं नाही. तो तिथेच पायरीवर बसला. कार्बन दुरुस्त होतो, पण ते काम जाणणाऱ्याकडेच, आणि आठवड्यात होत नाही. राइड गेली. पोरगा वाचला, असं मी मनात म्हटलं, त्याला म्हटलं नाही.

तेव्हा माझा पहिला सल्ला असा, की शक्य असेल तर सायकल गाडीच्या आतच न्या. मागची सीट पाडा, खाली जुनी गोधडी अंथरा. पुढचं चाक काढा. मागचा गिअर सगळ्यात मोठ्या चक्रावर आणा, म्हणजे डिरेलर आत सरकतो. सायकल चेनची बाजू वर ठेवून आडवी करा. डिरेलर अंगाखाली आला, तर तो ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर असतो तो वाकतो. सपाटीला ते कळत नाही. घाट चढताना सगळ्यात हलका गिअर टाकला, की डिरेलर स्पोकमध्ये शिरतो आणि मग मी आठवतो!

डिस्कब्रेक असेल, तर चाक काढल्यावर पॅडच्या मध्ये प्लॅस्टिकची पट्टी सरकवा. नाहीतर कुणाचा हात ब्रेकवर पडतो, पॅड जवळ येऊन बसतात आणि पहाटे पाच वाजता चाक आत जात नाही. काढलेलं चाक पिशवीत घालून वेगळं ठेवा. त्याच्या आसाचं टोक दांड्यावर टेकून तीन तास हादरत राहिलं, तर ते सुताराच्या सामत्यासारखं काम करतं. सायकलीवर बॅगा, पाण्याचे कॅन, जॅक काही ठेवू नका. आणि ती पट्ट्यानं बांधा. करकचून ब्रेक लागला तर ती पुढच्या सीटवर येईल.

आत जागाच नसेल, तर चाकांना धरणारं कॅरिअर घ्या, दांड्याला धरणारं नको. टपावरच्या काही कॅरिअरांत पुढचं चाक काढून सायकलचा चिमटा अडकवतात. ते चालतं का, हे सायकलच्या माहितीपुस्तिकेत पाहा. काही कंपन्या कार्बनच्या चिमट्याला ते नको म्हणतात. टपावर आणखी एक धोका, उंचीचा. गाडी दीड मीटर, वर सायकल मीटरभर. हॉटेलच्या कमानीखाली किंवा तळघरातल्या पार्किंगमध्ये शिरताना हे विसरायला होतं. स्टिअरिंगजवळ चिठ्ठी चिकटवा, लाज वाटू देऊ नका.

मागे टांगणार असाल, तर सायलेन्सरच्या तोंडासमोर चाक येऊ देऊ नका, धुराच्या धगीनं टायर आणि रीम खराब होतात. नंबरप्लेट आणि मागचे दिवे झाकले जाता कामा नयेत. दोन सायकलींच्या मध्ये फडकं घाला, एकीचं पायडल दुसरीच्या चौकटीला टेकू नये. पायडल काढणार असाल, तर डावीकडचे आटे उलटे असतात हे ध्यानात ठेवा. पट्टा जिथे चौकटीवरून जातो तिथली जागा आधी पुसा. महामार्गावरची धूळ आणि हलणारा पट्टा मिळून चांगला पॉलिशपेपर तयार होतो. आधी रंग जातो, मग तंतू.

उन्हात बंद गाडीत सायकल राहिली तर कार्बन वितळेल का, असं मला विचारतात. नाही वितळत. पण टायरमधली हवा थोडी कमी करून ठेवा.

येताना मात्र यातलं निम्मं कुणी करत नाही. अंग मोडून आलेलं असतं, भूक लागलेली असते, सायकल कशीतरी कोंबली जाते. माझ्या दुकानात सोमवारी सकाळी गर्दी असते ती त्यामुळेच. म्हणून गिऱ्हाइकांना सांगतो, की जाताना गोधडी अंथरणाऱ्यानं परत येताना भरण्याचं काम गाडी चालवायला आलेल्या, न दमलेल्या माणसावर सोपवावं. बहुधा ती कुणाची तरी आई किंवा बायको असते, आणि ती हे काम जास्त नीट करते.