विद्यापीठाच्या फाटकाआत आपली लेकरे

(विहाराच्या वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात दिलेले व्याख्यान)



समितीने मला विषय दिला "शिक्षण आणि आपला समाज". हा विषय एवढा मोठा की रात्रभर बोललो तरी सरायचा नाही, आणि माझी उद्या सकाळची पाळी आहे. म्हणून त्यातला एकच तुकडा घेतो. आपली मुले कॉलेजात, विद्यापीठात, मोठमोठ्या संस्थांत पोचल्यावर तिथे त्यांच्या वाट्याला काय येते, एवढेच. मुले शाळेत घाला, मुलींना शिकवा, हे या वस्तीत सांगायची आता गरज उरली नाही. बाबासाहेबांचे ते सांगणे आपल्या आयाबायांनी धुणीभांडी करून, निंदणाला जाऊन पाळले. पण फाटकातून आत गेल्यावर काय होते? त्याबद्दल आपण बोलत नाही. पोरं सांगत नाहीत आणि आपल्याला विचारावे कसे ते कळत नाही.

मी फार शिकलेला माणूस नाही. दहावीनंतर सूतगिरणीत लागलो, रिंग फ्रेमवर. जे वाचले ते पाळी सुटल्यावर, वाचनालयात आणि मित्रांच्या घरी. पण वाचताना एक सवय लावून घेतली. कोणी "अन्याय होतो" म्हणाला की विचारायचे, कुठे, कधी, कोणावर, आणि मोजला कोणी? आजही त्याच पद्धतीने बोलतो.

मागच्या उन्हाळ्यात आपल्या वस्तीतली एक माय माझ्याकडे आली. नाव सांगत नाही, पोरीचे कॉलेजही सांगत नाही. पोरगी दूरच्या शहरात इंजिनिअरिंगला. माय म्हणाली, "भाऊ, पोरगी फोनवर बोलतच नाई. नुसती हो-हो करते. वापस आनू का तिले?" मग मी पोरीशी बोललो. दोन-तीनदा बोलल्यावर तिने सांगितले. वसतिगृहात पहिल्या आठवड्यातच खोलीतल्या मुलींनी विचारले, तुझा रँक किती? प्रश्न साधा वाटतो, पण मोठ्या संस्थांत शिकलेल्या कोणत्याही पोराला विचारा, तो सांगेल की या प्रश्नाचा अर्थ "तू कोणत्या जातीची?" असाच होतो. पूर्वी आडनाव विचारत, आता आकडा विचारतात. आकडा कळला की मग अभ्यासाच्या टोळीत घेत नाहीत, जुन्या वह्या देत नाहीत. कोणी शिवी देत नाही, मारत नाही. तक्रार करायची तर कशाची करायची? पोरगी मला म्हणाली, "काका, काही झालंच नाही, तर लिहू काय?"

बंधूंनो, हे "काही झालंच नाही" आपण नीट समजून घेतले पाहिजे. कारण हे आजचे नाही.

बाबासाहेब १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९१६ च्या मे महिन्यात तिथे डॉ. गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. वय पंचवीस. म्हणजे विद्यापीठात बसून जातीवर संशोधन करायचे, हा आज लोकांना नवा वाटणारा विषय आपल्याच माणसाने शंभर वर्षांपूर्वी मांडला. तेच बाबासाहेब १९१८ साली मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तेव्हा प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातले पाणी त्यांनी पिऊ नये म्हणून काही सहकारी प्राध्यापकांनीच हरकत घेतली. विद्यार्थी मात्र त्यांचे व्याख्यान ऐकायला गर्दी करायचे. लहानपणी संस्कृत शिकू दिले नाही, फारसी घ्यावी लागली, हेही आपल्याला माहीत आहे. पदव्या वाढल्या तरी माठ तिथेच होता.

म्हणून नुसता प्रवेश पुरत नाही हे त्यांनी ओळखले होते. १९४४ साली ते व्हाइसरॉयच्या मंडळात असताना अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती सुरू झाली. आपण जिला आजही "भारत सरकार" म्हणतो, तीच. १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ ला मुंबईत सिद्धार्थ कॉलेज, १९५० ला औरंगाबादला कॉलेज, जे पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले गेले. मिलिंदमध्ये खेड्यातले पोर कंदील आणि वळकटी घेऊन यायचे आणि तिथे त्याला कोणी उपरा समजत नसे. शिकवणाऱ्याला मुलाची भूक माहीत होती. मिलिंदमधून किती लेखक, किती प्राध्यापक, किती अधिकारी निघाले! पोरं तीच होती, फक्त हवा बदलली.

हवेचे आम्हा गिरणीवाल्यांना चांगले कळते. आमच्या खात्यात हवेतला ओलावा कमी झाला की धागे पटापट तुटतात. कापूस तोच, साचा तोच, कामगार तोच. तेव्हा मास्तर कापसाला नावे ठेवत नाही, ओलाव्याचे यंत्र बघायला माणूस पाठवतो. आणि कॉलेजात आपला पोरगा नापास झाला की म्हणतात, मेरिट नव्हते.

आता मोजणी कोणी केली ते सांगतो. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले, महिमापूरचे डॉ. सुखदेव थोरात. मिलिंदमध्ये शिकले, पुढे दिल्लीला प्राध्यापक झाले आणि २००६ ते २०११ विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. दिल्लीच्या एम्स या देशातल्या सर्वात मोठ्या वैद्यकीय संस्थेत अनुसूचित जाती-जमातींच्या मुलांना वेगळी वागणूक मिळते अशी ओरड झाली, तेव्हा सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. २००७ साली अहवाल आला. समितीने मुलांना बसवून विचारले. १०० पैकी ६९ मुलांनी सांगितले की शिक्षकांकडून पुरेशी मदत मिळत नाही. वसतिगृहात आपली मुले ठराविक मजल्यांवर एकवटली होती, कारण इतर ठिकाणी त्रास व्हायचा. ज्यांच्या हाती उद्या लोकांची नाडी द्यायची त्या डॉक्टरांच्या वसतिगृहात हे! गावाबाहेरचा महारवाडा तिथे वरच्या मजल्यावर गेला होता, एवढाच फरक.

थोरात सरांनी दुसरा एक प्रयोग पॉल अ‍ॅटवेल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकासोबत केला. पेपरात खाजगी कंपन्यांच्या नोकरीच्या जाहिराती येतात ना, अशा ५४८ जाहिरातींना ४८०८ अर्ज पाठवले. शिक्षण सारखे. फरक फक्त नावात. काही अर्ज वरच्या जातीच्या आडनावाचे, काही दलित, काही मुस्लिम. दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता वरच्या जातीच्या नावाच्या सुमारे दोन-तृतीयांश निघाली. अजून मुलाखत नाही, तोंड पाहिले नाही. नुसते कागदावरचे आडनाव. आता कोणी मला म्हणाला की "जात कुठे राहिली काका", तर मी हा प्रयोग सांगतो आणि गप्प बसतो.

काही लेकरे परत आलीच नाहीत. हैदराबाद विद्यापीठातला रोहित वेमुला, पीएच.डी. करत होता. फेलोशिप महिनोन्‌महिने मिळाली नव्हती, मित्रांसह वसतिगृहातून बाहेर काढले होते. १७ जानेवारी २०१६ ला तो गेला. आपल्या महाराष्ट्रातली डॉ. पायल तडवी, जळगावकडची आदिवासी मुलगी, मुंबईत स्त्रीरोगाचे पुढचे शिक्षण घेत होती. २२ मे २०१९ ला ती गेली. वरच्या वर्गातल्या तीन डॉक्टर मुली जातीवरून छळत होत्या अशी घरच्यांची तक्रार, त्यावर अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला. या दोघांच्या माता, राधिका वेमुला आणि आबेदा तडवी, २०१९ साली मिळून सर्वोच्च न्यायालयात गेल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१२ सालीच भेदभावाविरुद्ध नियम केले होते, समान संधी कक्ष काढा, अधिकारी नेमा. ते पाळले जात नाहीत, हे त्यांचे म्हणणे. त्यानंतरच नव्या नियमांची हालचाल सुरू झाली. दोन आया, एक आंध्रची, एक खानदेशची. आपल्या महिला मंडळाने त्यांचे फोटो विहारात लावावेत असे मी सुचवतो.

लांबचे झाले, आता वर्ध्याचे. पंचटीलावर महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालय आहे, १९९७ पासूनचे, केंद्र सरकारचे. तिथे ९ ऑक्टोबर २०१९ ला, कांशीरामजींच्या स्मृतिदिनी, विद्यार्थ्यांनी धरणे दिले आणि पंतप्रधानांना पत्रे लिहिली. प्रशासनाने सहा विद्यार्थ्यांना काढून टाकले. म्हणणे असे, की विधानसभा निवडणुकीची आचारसंहिता चालू होती आणि तिचा भंग झाला. मुलांचे म्हणणे असे, की धरण्याला शंभराच्या आसपास पोरं होती, मग नेमके आम्हीच सहा का? त्या सहांत तीन दलित आणि तीन ओबीसी होते. देशभर बोंब झाली आणि चार दिवसांत, १३ तारखेला, आदेश मागे घ्यावा लागला. दोन्ही बाजू सांगितल्या, निवाडा तुम्ही करा. माझे मत विचाराल तर, मुले परत वर्गात बसली ती कोणाच्या कृपेने नाही. त्यांनी कागद जपले, तारखा जपल्या आणि बाहेरच्या लोकांना वेळेवर कळवले, म्हणून बसली.

फाटकावरच्या नावासाठी आपल्या लोकांनी काय सोसले ते जुन्या माणसांना आठवते. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाड्यात आपली घरे पेटली. पोचीराम कांबळे मारले गेले. १९७९ ला नागपूरहून औरंगाबादला लाँग मार्च निघाला. १९९३ ला नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. नाव लागले १४ जानेवारी १९९४ ला. एका नावाला सोळा वर्षे! आता आतल्या खुर्च्यांचे बघा. राखीव प्राध्यापकपदावर मुलाखती होतात आणि "योग्य उमेदवार मिळाला नाही" असा शेरा मारून जागा तशीच ठेवतात. शिकवायला आपला माणूस नसेल तर पोरीने "काही झालंच नाही" कोणाला सांगायचे?

आणखी एक, आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसते. १९५६ ला धम्म स्वीकारला म्हणून केंद्राच्या सवलती आपल्याला १९९० पर्यंत नव्हत्या. महाराष्ट्राने आधी दिल्या, दिल्लीने १९९० ला दिल्या. म्हणजे केंद्राच्या संस्थांच्या दाराशी आपण बौद्ध म्हणून उभे राहून फार काळ झाला नाही. पहिली-दुसरीच पिढी आहे. हे पोरांना सांगा. त्यांना वाटते आपणच कमी पडतो.

बायकांचे तर दुहेरी आहे. नागपूरच्या जाईबाई चौधरी यांनी आपल्या मुलींसाठी शाळा चालवली. १९३७ साली नागपूरला अखिल भारतीय महिला परिषद भरली, शिकलेल्या, पुढारलेल्या बायांची, आणि तिथे जेवायच्या वेळी जाईबाईंना वेगळे बसवले. हे आज आपल्याला कळते कारण मीनाक्षी मून आणि ऊर्मिला पवार या दोघी चळवळीतल्या म्हाताऱ्या बायांच्या घरोघरी जाऊन बसल्या, ऐकले, लिहून घेतले आणि १९८९ ला "आम्हीही इतिहास घडवला" हे पुस्तक काढले. पुढे पुण्याच्या येरवड्यात वाढलेल्या शैलजा पाईक यांनीही हेच केले. दलित बायांना शाळेत काय सोसावे लागले ते त्यांच्याच तोंडून ऐकले आणि २०१४ ला इंग्रजीत ग्रंथ लिहिला. आज त्या अमेरिकेत सिनसिनाटी विद्यापीठात प्राध्यापक आहेत. २०२४ ला त्यांना मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, आठ लाख डॉलर. तिकडे ब्रँडाइस विद्यापीठाने २०१९ ला आणि कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठाने २०२२ ला आपल्या नियमांत जातीचा भेदभाव चालणार नाही असे लिहिले. जात विमानातून तिथे गेली आणि नियमही मागोमाग गेला.

मला यातून सुचते ते असे. संशोधन म्हणजे फक्त प्राध्यापकाचे काम नाही. ऐकणे आणि लिहून ठेवणे, हे आपणही करू शकतो. ती माय माझ्याकडे आली तेव्हा मी म्हटले, वापस आनू नको माय. तिच्या कॉलेजात आपल्याकडची कोण आहे ते आधी शोधू. चंद्रपूरकडची एक वरच्या वर्गातली मुलगी सापडली. तिने जुन्या वह्या दिल्या, रात्री सोबत अभ्यासाला बसवले. पोरगी एका विषयात राहिली, पण तिथेच आहे. कक्षात अर्ज द्यायचा की नाही ते तिने ठरवायचे आहे, आपण घाई करू नये.

विहार समितीशी बोलून ठरले आहे ते सांगतो. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चार वाजता, वंदना झाल्यावर नाही, आधी, मी आणि आपल्यातले दोन पदवीधर इथे बसणार. बाहेर शिकणाऱ्या प्रत्येक मुलाचे नाव, कॉलेज, वर्ष एका वहीत लिहायचे, म्हणजे नवीन जाणाऱ्याला तिथले कोण ते सांगता येईल. शिष्यवृत्ती आली नाही म्हणून टी.सी. अडवली असेल, जात वैधतेचे प्रकरण पडून असेल, तर कागदाची झेरॉक्स आणा, मूळ प्रत आणू नका, हरवते. परदेशी शिक्षणाची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आणि बार्टीची फेलोशिप यांच्या अर्जाची माहितीही तिथेच मिळेल. ज्याला कॉलेजातले काही सांगायचे आहे त्याने एकट्याने आले तरी चालेल. नाव बाहेर जाणार नाही. वही माझ्या घरी कुलपात राहील.

जय भीम.