डावा की उजवा? एका गजाने माणूस मापू नका
(नाशिकच्या कामगार सभेत केलेले भाषण)



युनियनची कमिटी निवडायची म्हटली की आम्ही एकच सवाल करतो : गडी डावा की उजवा? मागच्या खेपेला आमचा एक साचेवाला आम्ही असाच बाजूला सारला. तो माळकरी, वारीला जाणारा, म्हणून उजवा ठरवला. पुढे पगारवाढीची बोलणी झाली तेव्हा कळलं, बदली कामगारांची बाजू त्याच्याइतकी धीटपणे मांडणारा आमच्यात दुसरा नव्हता. चूक आमची होती.

हे डावं-उजवं आलं कुठून? १७८९ साली फ्रान्सच्या सभेत राजाचा अधिकार राखणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसले, विरोधक डाव्या हाताला. त्या घडीचा सवाल एक, म्हणून बाजू दोनच पुरल्या. आपल्यापुढे सवाल काय एकच आहे?

१९५६ साली संयुक्त महाराष्ट्र समिती झाली. तीत कम्युनिस्ट डांगे आणि समाजवादी एस. एम. जोशी शेजारी बसले. १९४२ च्या लढ्यात एसेम भूमिगत होते, तर कम्युनिस्ट पक्ष त्या लढ्याच्या विरोधात होता! समितीत शेतकरी कामगार पक्ष होता, दलित फेडरेशन होतं, हिंदुमहासभाही होती. आणि मुंबईसाठी दिल्लीचं अर्थमंत्रिपद सोडलं ते चिंतामणराव देशमुखांनी. सांगा, ही सारी माणसं एका गजावर कुठं बसवाल?

आपल्या नाशिकचे दादासाहेब गायकवाड बघा. १९३० साली काळाराम मंदिराच्या सत्याग्रहात ते पुढे. १९५७ साली नाशिकमधून लोकसभेवर गेले. १९५९ साली भूमिहीनांच्या सत्याग्रहात पुन्हा पुढे. देऊळ, भाषा, जमीन : सवाल तीन, आणि दर वेळी सोबतीला उभे राहणारे वेगळे.

हेही खरं, की १ मे १९६० ला राज्य मिळालं आणि समितीची एकी फार टिकली नाही. भाषेवर जुळलं म्हणून जातीवर, जमिनीवर जुळतंच असं नाही. ते आपोआप जुळेल असं धरून चाललो तर फसगत आपलीच.

आपण कापड विणणारी माणसं. नुसती लांबी सांगून कापड खपतं का? गिऱ्हाईक पन्हा विचारतं, पोत चाचपून बघतं. मग माणसाला एकाच मापात का तोलावं?

तेव्हा येत्या निवडीला उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा : पगारावर काय म्हणतोस? बदलीवाल्याला कायम करायचं का? जातीचा भेद पाळतोस का? बाईमाणसाला समान दाम देणार का? जिथं जुळेल तिथं खांद्याला खांदा लावू. जिथं जुळणार नाही तिथं तोंडावर सांगू, भांडू. पण शिक्का मारून माणूस गमावणार नाही!